सुदामा नगरातलं 'ऑनलाइन'चं दुकान: साडेतीन स्टार (लांब आहे, चहा घेऊन बसा)

आधीच सांगते, दुकानाचं नाव देणार नाहीये. मालक चांगला मुलगा आहे आणि खाली मी थोडं रडगाणंही लिहिलंय, उगाच त्याच्या धंद्यावर यायला नको. इंदूरवाल्यांना कळेलच, अन्नपूर्णा रोडवरून सुदामा नगरात आत शिरलं की असली तीन-चार दुकानं आहेत. बाहेर एक मोठ्ठा फ्लेक्स, त्यावर पॅन कार्ड, समग्र, आय-जाति-मूल निवासी, बिजली बिल, रेल्वे टिकट, पासपोर्ट फोटो असं सगळं कोंबलेलं, आणि खाली 'यहाँ फोटोकॉपी होती है'. त्यातलंच एक.

मी गेले होते आईच्या कामाला. आई एक्क्याऐंशीची. बाबा रेल्वेत होते, त्यांच्या मागे तिला फॅमिली पेन्शन येते आणि दर वर्षी 'मी जिवंत आहे' असा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून हे ऑनलाइन होतं, जीवन प्रमाण म्हणतात त्याला, आणि केंद्र सरकारच्या ऐंशीच्या वरच्या पेन्शनरांना नोव्हेंबरची वाट न बघता १ ऑक्टोबरपासूनच देता येतं. चेहरा दाखवून घरच्या घरी पण होतं म्हणे आता, पण माझा फोन जुना आणि मला ते जमेना, म्हटलं चला दुकानात, दहा मिनिटांचं काम. ते दहा मिनिटांचं काम नंतर चार चकरा आणि एकूण सहा-सात तास बसण्यात कसं बदललं तोच हा रिव्ह्यू.

दुकान साधारण दहा बाय बारा. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर जो कागद अडकला की मालक थापट मारून चालू करतो, एक पंखा, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, बाकी सगळे उभे. समोर नाली आणि नालीवरून वर चढायला दोन पायऱ्या. आता या दोन पायऱ्या तुम्ही-आम्ही मोजत पण नाही. आई वॉकर घेऊन चालते. वॉकर पायरी चढत नाही. शेवटी मालक, शेजारचा किराणावाला आणि लाइनीतली दोन पोरं अशा चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून आत नेलं. आई वरून मला म्हणते, "बघ गं, जिवंत असल्याचा दाखला घ्यायला चौघांच्या खांद्यावरून चालले." मी हसले, तीही हसली, पण परतताना रिक्षात काही बोलली नाही.

मी गणित शिकवते, त्यामुळे सवयीनं हिशोब केला. उताराचा नियम एकास बाराचा असतो, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. त्या दोन पायऱ्या मिळून चौदा इंच, म्हणजे चौदा फुटांचा उतार लागेल. गल्लीत तेवढी जागाच नाही, समोरच्याची स्कूटी उभी असते. मालकाने नंतर एक लाकडी फळी आणून ठेवली, चार फुटांची, ज्यावरून बकरी चढू शकेल फार तर. तरी ठेवली हे खरं. अर्धा स्टार त्याचा.

आईचं बोट मशीननं घेतलं नाही. दहाही बोटं झाली. वय झालं की रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते, हे होतंच म्हणे. मग मालकाने त्याच्या फोनवरून चेहऱ्याने केलं, "आंटी जी, पलक झपकाओ, एक बार और", आणि झालं. तीस रुपये घेतले, प्रिंट दिली. इथवर पाच स्टार.

मग मी विचार केला की आमच्याकडे भांडी-झाडूला येतात त्या दीदींचं पण काम इथेच करून टाकू (मी त्यांना दीदी म्हणते, त्या मला भाभी, वयाने त्या माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहेत, असो). त्यांची समग्रची ई-केवायसी राहिली होती. महाराष्ट्रातल्या लोकांसाठी: आपल्याकडे मध्यप्रदेशात प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी आणि प्रत्येक माणसाला नऊ आकडी समग्र नंबर असतो, रेशन, स्कॉलरशिप, लाडली बहना, काहीही घ्या, त्याच्याशिवाय पान हलत नाही. आणि लाडली बहना या राज्याच्या योजनेतून बायकांना दरमहा मिळणारे पैसे, जे २०२३ मध्ये हजारानं सुरू झाले, मग साडेबाराशे आणि आता पंधराशे, ते त्यांच्या घरात महिन्याचं दूध आणि गॅस आहेत. त्यामुळे केवायसी अडकून चालणार नव्हतं.

दीदींचं बोटही लागलं नाही. पाच घरची भांडी, त्यात दोन घरी अजून राख-माती आणि तारेचा घासणा, बोटांवर रेषा उरणार कुठून. मालकाने सल्ला दिला, आणि हे त्याला रोजचं पाठ झालेलं वाक्य असावं, "दो दिन बर्तन मत मांजना दीदी, रात को वैसलीन लगा के सोना, फिर आ जाना." सल्ला बरोबर आहे. फुकट पण आहे. मी मान हलवली आणि म्हटलं, ठीक आहे दीदी, दोन दिवस सुट्टी घ्या, मी घासते भांडी. अगदी उदार वाटलं मला माझं. रस्त्यात त्या म्हणाल्या, "भाभी, तुमने तो छुट्टी दे दी, बाकी चार घर?" बाकी चार घरांपैकी दोघांनी दोन दिवसांचे पैसे कापले. एकीने सांगितलं दिवाळीची सफाई आहे, आत्ता नाही. म्हणजे त्या घरची भांडी त्यांनी घासलीच, हातमोजे घालून, ते मोजे मीच दिले होते आणि ते त्यांना मोठे होत होते.

आणि आता खरी गंमत ऐका. दीदींचा नवरा सेंटरिंगचं काम करतो. सिमेंटनं त्याची बोटं तर दीदींच्यापेक्षा गुळगुळीत. त्याचं केवायसी मागच्याच महिन्यात दोन मिनिटांत झालं होतं. कसं? त्याच्या आधारला त्याचा फोन जोडलेला आहे, ओटीपी आला, टाकला, संपलं. दीदींच्या आधारला नंबरच नाही. घरात फोन आहे, पण तो 'घरातला' म्हणजे नवऱ्याच्या खिशातला. तेव्हा बोटं दोघांची सारखीच झिजलेली, घर एकच, उत्पन्न एकच, चूल एकच, आणि एकाची दोन मिनिटं तर दुसरीचे चार दिवस आणि दोन घरची कापलेली मजुरी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असं निघालं होतं की देशात ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल आहे, आणि आपल्या मध्यप्रदेशाचा आकडा त्याच्याही बराच खाली. आकडा मी आधी वाचलेला होता, वाचून सोडून दिला होता, आकड्यांचं तसंच होतं.

आणि आईचं बोट न लागणं आणि दीदींचं न लागणं, मशीनच्या स्क्रीनवर दोन्हीकडे लाल रंगाची एकच पट्टी येते. पण आईकडे चेहऱ्याचा रस्ता होता, रिक्षाचे पैसे होते, सुट्टी टाकलेली मुलगी होती.

भाचा माझा इंदुरातच भंवरकुआँला राहून एमपीपीएससीची, म्हणजे राज्याच्या लोकसेवा परीक्षेची, तयारी करतो, रविवारी जेवायला येतो. त्याला हे सांगितलं तर तो लगेच नोट्समधलं सुरू झाला की मावशी, विषमता मोजायला गिनी गुणांक असतो, शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं आणि एक म्हणजे सगळं एकाकडे, इटलीच्या कोराडो गिनीने १९१२ मध्ये काढलेला. म्हटलं हो रे बाबा, मी गणिताचीच आहे. पण त्या गिनीत दीदींचं घर हा एकच ठिपका आहे. आपल्याकडे खर्चाचं सर्वेक्षण घरोघरचं होतं आणि घराचा खर्च डोक्यांनी भागतात, म्हणजे नवरा आणि दीदी कागदावर एकदम समसमान. फोन कोणाच्या खिशात, शेवटची पोळी कोणाच्या ताटात, ते त्यात कुठून येणार. मग तो म्हणाला की म्हणूनच नीती आयोगाने गरिबी बारा गोष्टींनी मोजायला घेतली, पोषण, शाळा, संडास, पाणी, सरपण-गॅस, बँक खातं वगैरे. बरं आहे, बाराच्या बारा. पण त्यातही घर हाच एकक. आणि मग त्याने एक चांगलं सांगितलं, ते मला आवडलं, की अमर्त्य सेन यांनी १९७९ मध्ये एका व्याख्यानात प्रश्नच उलटा विचारला होता: समानता हवी, पण कशाची? पैसे सारखे दिले तरी त्या पैशांचं प्रत्येकाला सारखंच काही करता येतं असं नाही, चालता न येणाऱ्याला तेवढ्याच पैशांत तेवढंच फिरता येत नाही. त्या दोन पायऱ्यांवर मी आठ दिवस विचार करत होते आणि हा पोरगा पोळी खाता खाता सांगून गेला. वरून जीरावन (आमचा इंदुरी मसाला) मागितलं.

असो, दुकानावर येते परत.

वेळ. बोर्डावर १० ते ८, पण दुपारी दीड ते साडेतीन बंद. आता बघा, आमच्या भागातल्या कामाच्या बायका सकाळी सहाला निघतात, घरं उरकून साडेबारा-एकला मोकळ्या होतात, साडेचारला परत संध्याकाळची भांडी. मधले जे साडेतीन-चार तास त्यांना मिळतात, त्यातले नेमके मधले दोन तास शटर खाली. घरी बसणाऱ्या बायकांचंही तेच, सकाळी डबे, संध्याकाळी पोरं. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बायकांचे घरच्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ८८, म्हणजे जे करतात त्यांचे हां, न करणारे त्यात मोजलेलेच नाहीत. दोनशे एक मिनिटांचा फरक, सव्वातीन तासांच्या वर. मी मालकाला म्हटलं, बाबा रे, तुझं अर्धं गिऱ्हाईक याच वेळेत मोकळं असतं. तो म्हणाला, "मैडम, मम्मी खाना ले के बैठी रहती है, अपन नहीं जाएँगे तो वो भी नहीं खाएगी." काय बोलणार.

पण ऐकलं त्याने. आता दुपारी दुकान उघडं असतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी असते ना, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची, ती बसते. मालक आईकडे जेवायला जातो आणि ती मुलगी डबा मांडीवर ठेवून, एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने माउस. बायकांची सोय व्हावी म्हणून मी भांडले आणि ती सोय एका पोरीच्या जेवणाच्या वेळेतून निघाली. पगार वाढला का विचारलं तर हसली. इथे मला स्टार द्यायचा की काढायचा तेच कळेना, म्हणून तसाच सोडलाय.

या मुलीबद्दल मात्र स्वतंत्र लिहिलं पाहिजे. ती हळू बोलते. ऐकायला काहीच नाही वाटत, पण तिथे बसून बघा. मालक विचारतो ते सगळ्या दुकानाला ऐकू जातं, "पति का नाम? साथ रहते हैं? नहीं? छोड़ दिया? कब?" तिसऱ्या चकरेला एक बाई होत्या, चाळिशीच्या, लाडली बहनाच्या यादीत काहीतरी दुरुस्ती होती. त्या योजनेत विवाहित बाई पाहिजे, त्यात विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आल्या. परित्यक्ता. हा शब्द फॉर्मवर एक टिकचा आहे, पण दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे तुमच्या गल्लीतले सहा लोक फोटोकॉपी घेऊन उभे आहेत, तिथे तो मोठ्याने उच्चारावा लागतो. त्या बाईंनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा आवाज अजून खाली. मग ही पोरगी उठली, स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाली, आंटी, इसमें से कौन सा, बस उँगली रख दो.

मी माझं इन्कम टॅक्स रिटर्न घरी भरते, रात्री, पंख्याखाली. मला कोणी सगळ्यांसमोर विचारत नाही, नवरा बरोबर राहतो का, महिन्याला किती मिळतात, संडास घरात आहे का. जेवढी सरकारकडून गरज जास्त तेवढ्या जास्त लोकांसमोर उघडं व्हायचं. खाजगीपणा हीसुद्धा विकत घ्यायची वस्तू आहे हे मला बावन्नाव्या वर्षी एका फोटोकॉपीच्या दुकानात कळलं.

आणि लग्नच न केलेल्या? त्यांना रकानाच नाही. माझी एक लांबची आतेबहीण आहे, लग्न केलं नाही, आईवडिलांचं केलं, भाऊ पुण्याला. ती पन्नाशीची, शिवणकामावर घर चालवते. ती लाडली पण नाही आणि बहना पण नाही, ती स्वतःच असं म्हणते आणि फार हसते.

नावांचा गोंधळ तर आपल्या मराठी बायकांचा खास. हिंदी भागात लग्नानंतर फार तर आडनाव बदलतं. आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहिलं आणि अख्खी बाईच बदलली. माझ्या आईची मॅट्रिकची सनद एका नावाची, पेन्शनचे कागद दुसऱ्या नावाचे, आणि पासबुकवर तिसरंच, कारण तिथे कोणीतरी बाबांचं नाव मधे न घालता 'बाई' घातलं होतं. त्यात आपला ळ. हिंदी टायपिंगवाल्याला ळ सापडत नाही, काळेंचे काले होतात, मग इंग्रजीत जातात, इंग्रजीतून परत हिंदीत येताना कले होतात. नाव जुळत नाही म्हणजे माणूस जुळत नाही. शपथपत्र करा, नोटरी करा, स्टँप घ्या. पुरुषाला हे आयुष्यात एकदाही करावं लागत नाही, तो जन्मला त्या नावानं जातो. माझं स्वतःचं नाव मी लग्नात बदलू दिलं नाही, तेव्हा सासूबाई दोन महिने बोलल्या नाहीत, पण आता बघा कसे शपथपत्राचे पैसे वाचतायत.

जातीचा रकाना. याच्यावर मी काही लिहू नये असं एका मैत्रिणीने सुचवलं, पण मी बसले होते तिथे आणि पाहिलं ते लिहिणार. मालक विचारतो, "कास्ट?" आणि आमच्यासारखे लोक मान पण वर न करता सांगतात, 'जनरल'. पटकन. पुढे. माझ्या पुढे एक मुलगा होता, विशीतला, कॉलेज स्कॉलरशिपसाठी जातीच्या दाखल्याचं काम. त्याला विचारलं तेव्हा तो बोलला नाही, फोनवर टाइप केलं आणि स्क्रीन दाखवला. मालकाने वाचून मोठ्याने विचारलं, "इसमें 'ह' आएगा ना?" त्या वेळी लाइनीतली दोन डोकी वर झाली. दोनच. पण त्या मुलाने ती मोजली, मी त्याच्याकडेच बघत होते. महू इथून पंचवीसेक किलोमीटर, जिथे १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब जन्मले, आणि त्यांनीच श्रेणीबद्ध विषमता असा शब्द वापरला होता, की ही उतरंड अशी आहे जिथे प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी सापडतं म्हणून कोणी ती मोडायला उठत नाही. वर झालेली ती दोन डोकी काही फार वरच्या घरची नव्हती.

त्याचा दाखला झाला नाही. कारण आमच्या राज्यात एससी-एसटीच्या दाखल्याला घराणं १९५० मध्ये इथेच राहत होतं याचा पुरावा लागतो, ओबीसीला १९८४ चा. त्याचे आजोबा जळगावकडून पन्नाशीच्या दशकात इथे मिलमध्ये आले. जात तीच, महाराष्ट्रातल्या यादीत आहे, मध्यप्रदेशातल्या यादीत पण आहे, पण माणूस चार-पाच वर्षं उशिरा आला. आता मूळ राज्याच्या आधारावर कागद मिळेल, आणि तो इथल्या राज्याच्या आरक्षणाला चालणार नाही. आजोबांना भोगायला लागलं ते इथे पण भोगायला लागलंच असणार की, त्याला कोणी १९५० चा पुरावा मागितला नसेल.

मिलवरून आठवलं, चौथ्या चकरेला एक आजी होत्या, हुकुमचंद मिलमधल्या कामगाराची विधवा. बाहेरच्यांना सांगते, ही मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये मार्गी लागले २५ डिसेंबर २०२३ ला. तीस वर्षांच्या वर. तोवर कित्येक कामगार गेले, मग वारसांचे कागद. आजींचा मुलगा सगळं फाइलमध्ये लावून आला होता, बहिणींच्या सह्या आधीच घेऊन, त्यातल्या एका कागदावर वर काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसती खाली सही. बापाच्या स्वतःच्या कमाईत मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून बरोबरीची वारस आहे, हे त्या मुलीने, हो त्याच बी.कॉम.वालीने, हळूच सांगितलं. मुलगा म्हणाला, "दीदी, घर का मामला है, आप टाइप करो." तिने कोरा कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, ये नहीं होगा भिया, इस पे पहले लिखवा के लाओ. मालक तिच्यावर चिडला, गिऱ्हाईक गेलं म्हणून. आजी पूर्ण वेळ पंख्याकडे बघत होत्या.

तर हिशोब असा. दर वाजवी आहेत, फोटोकॉपी दोन रुपये, फॉर्मचे तीस ते ऐंशी, आणि काम झालं नाही तर पैसे घेत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे, कारण तीन चकरांतल्या दोन वाया गेलेल्या माणसाला तेच परवडतं. इंटरनेट बरं. प्यायला पाणी आहे, ग्लास एकच. बायकांना जायला जागा नाही, समोरच्या मंगल कार्यालयात विचारावं लागतं आणि तिथला वॉचमन कपडे बघून हो-नाही ठरवतो (मला हो म्हणाला, दीदींना नाही, दोघी एकत्रच गेलो होतो, मग मी पण नाही गेले, पण त्याने त्यांची गैरसोय काही कमी झाली नाही). मालक सच्चा, पण आवाज लाउडस्पीकर. मुलगी पाच स्टार, तिला कुठे चांगली नोकरी असेल तर सांगा, म्हणजे दुकानाचं नुकसान आहे पण सांगाच.

दीदींचं केवायसी चौथ्या चकरेला झालं. डाव्या हाताची करंगळी लागली. करंगळी घासणीत कमी येते ना. लाल पट्टी जाऊन हिरवी आली तेव्हा मालकाने टेबलावर थाप मारली आणि लाइनीतल्या बायका पण खूश झाल्या, जसं काही त्यांचंच झालं. मी सहज म्हणून माझं बोट मशीनवर ठेवून बघितलं असतं तर पहिल्या झटक्यात लागलं असतं, पंचवीस वर्षं खडू धरलेलं बोट आहे, पण ठेवलं नाही.

लाडली बहनाचे पैसे आले. खात्यात दीदींच्याच, कारण त्यात जॉइंट खातं चालत नाही, हे नियम करणाऱ्याने विचार करून केलंय असं म्हणावं लागेल. पण मेसेज आला नवऱ्याच्या फोनवर, आणि त्यांना कळलं ते रात्री, त्यातले पाचशे कशाला लागणार आहेत हे ठरल्यावर. मग त्यांनी काय केलं, दिवाळीच्या बोनसमधून एक बटनवाला फोन घेतला, बाराशेचा, आणि आता आधारला तो नंबर जोडून झालाय. मी म्हटलं, दीदी, वाचता येत नाही, मेसेज आला तर मला दाखवत जा. तर म्हणाल्या, अक्षर नहीं आते भाभी, नंबर तो आते हैं, बिना नंबर के सिटी बस में कैसे बैठती. ओटीपी आकड्यांचाच असतो. परवा मी लाइट बिलाला गेले तर त्या दुकानात होत्या, शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंचा ओटीपी त्यांच्या फोनवरून मोठ्याने वाचून दाखवत होत्या, आणि मालक म्हणत होता, "धीरे दीदी, पूरे मोहल्ले को सुनाओगी क्या." तो म्हणत होता!

पार्किंग नाही. मंगळवारी बंद असतं, म्हणून बुधवारी गर्दी, त्यापेक्षा गुरुवारी जा. आधारची झेरॉक्स घरून घेऊन जा, आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर आधी फोन करा, तो मुलगा फळी लावून ठेवतो, पण पावसात ती फळी घसरते, दोघांनी धरा.